शुगर आहे म्हटल्यावर डॉक्टर फक्त रिपोर्टशीच बोलतात का?

गिरणाकाठची (धागालेखिका)

आधीच सांगते, हा धागा शुगर कशी उतरवायची यासाठी नाही. मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड हे सासूबाईंपासून एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. मला बोलायचंय ते दवाखान्यांबद्दल.

मी पाचोऱ्याकडची. पतसंस्थेत नोकरी. चाळिशीच्या आतच शुगर निघाली, टाइप टू. घरच्यांबद्दल तक्रार नाही. नवरा सकाळी सोबत फिरायला येतो, मुलगी गोळ्यांवर लक्ष ठेवते. औषधंही मिळतात. तरी या आजारात आपल्याला कुणी वाली नाही असं वाटत राहतं, आणि दवाखान्यातून बाहेर पडताना ते सगळ्यात जास्त वाटतं.

खासगीत काय होतं ते सांगते. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून सकाळी सातला जायचं, नंबर लावायचा, रक्त द्यायचं, बाहेर नाश्ता करायचा, दोन तासांनी पुन्हा रक्त. मग रिपोर्ट येईपर्यंत बाकड्यावर बसायचं. तेवढ्यात बॅगा घेतलेले औषध कंपन्यांचे एमआर आत जाऊन येतात. आपला नंबर लागेपर्यंत दुपार. डॉक्टर रिपोर्ट हातात घेतात, तीन महिन्यांच्या सरासरीच्या आकड्याभोवती पेनाने गोल काढतात, त्या गोलावर आणखी एक गोल. "वाढलीय. पथ्य पाळत नाही तुम्ही." हा प्रश्न नसतो, निकाल असतो. मी तोंड उघडेपर्यंत एक गोळी बदललेली असते. मग चिठ्ठीच्या तळाशी रबरी शिक्का: साखर, गूळ, भात, बटाटा, आंबा, केळी बंद. चला, पुढचा नंबर.

(जळगाव जिल्ह्यात केळी बंद! असो.)

तिथूनच एक छापील आहारतक्ता मिळाला, कुठल्याशा औषध कंपनीने छापलेला. ओट्स, ब्राउन ब्रेड, ब्रोकोली, सफरचंद. आमच्याकडे रोज दादरची (ज्वारीची) भाकर, उडदाची डाळ, कधी शेवभाजी. हिवाळ्यात भरीत-पुऱ्या, श्रावणात कानबाईचे रोट, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस आणि सांजोऱ्या. यातल्या एकाचंही नाव त्या कागदावर नाही. म्हणजे जे मी जन्मात खाल्लं नाही ते खायला सांगितलंय आणि जे रोज खाते त्याबद्दल चकार शब्द नाही. भाकर किती खाऊ, एक की दीड, हे कोणाला विचारायचं?

खर्च झेपेना म्हणून सरकारीत गेले. तिथली माणसं वाईट नव्हती, हेही सांगते. पण एका खोलीत बीपी, दुसरीत शुगर, तिसरीत गोळ्या, आणि डॉक्टर दर वेळी नवीन. दर वेळी "कधीपासून आहे?" इथूनच सुरुवात. गोळ्या थोड्या दिवसांच्या, त्या संपल्या की पुन्हा अर्धी रजा. कधी मशीनच्या पट्ट्याच संपलेल्या.

पायांना मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, हे मी दोन्हीकडे सांगितलं. उत्तर एकच, "शुगर आहे, होणारच." चप्पल काढायला लावून पाय आजवर कुणी बघितलेला नाही. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करायची असते हे मला कुणी सांगावं? चष्म्याच्या दुकानदाराने.

डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावं नकोत, इथे कुणाचा पंचनामा करायचा नाही. पण ज्यांना बरा अनुभव आला त्यांच्या डॉक्टरांनी नेमकं काय वेगळं केलं ते लिहा. आणि ज्यांना माझ्यासारखाच आला त्यांनी पुढे काय केलं तेही.

खापरावरचा मांडा

+१. शब्दन् शब्द पटला. आमची आई अमळनेरच्या बाजूची, तिचं एकच वाक्य, "डाक्टर मान वर करीसन देखस बी नही. कागद देखस नि गोळ्या लिखस." आता ती मलाच पाठवते रिपोर्ट घेऊन. म्हणते, मला काय बघणार आहेत, कागदच बघायचाय ना, तू जा. आणि गंमत म्हणजे मी एकटा गेलो तरी डॉक्टर औषध बदलून देतात. पेशंट कुठेय, एवढंही विचारत नाहीत.

भुसावळ जंक्शन

राम राम. मी रेल्वेतून निवृत्त. आम्हाला रेल्वेच्या दवाखान्यात औषधं मिळतात, त्याबद्दल तक्रार करणार नाही. रांग आमच्याकडेही असते. पण ताई, थोडं कडू बोलतो. डॉक्टर काय काय करणार? जिभेवर ताबा आपलाच हवा. मी इतकी वर्षं रोज पहाटे प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतोय, शुगर एकदम ताब्यात. हल्ली सगळ्यांनाच वाटतं की दुसऱ्याने येऊन आपली काळजी घ्यावी.

गिरणाकाठची

काका, चालणं मीही सोडलेलं नाही. चालूनही शुगर वाढली तर का वाढली, हे विचारायला जागा हवी, एवढंच म्हणणं आहे. तुमच्या गोळ्या घरबसल्या ठरलेल्या आहेत आणि डॉक्टरला तुमची जुनी फाइल दिसते. आमच्याकडे तेवढंही नाही.

सातपुड्याचा पायथा

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) वैद्यकीय अधिकारी आहे, चोपडा-यावलच्या पट्ट्यात. इथे मार खायची तयारी ठेवूनच लिहितोय.

धागालेखिकेचं म्हणणं खरं आहे. आता आमच्या बाजूचं चित्र. सरकारी निकषाप्रमाणे सपाटीवर ३० हजार लोकसंख्येला आणि आदिवासी-डोंगराळ भागात २० हजारांना एक पीएचसी. सकाळच्या ओपीडीत ताप, खोकला, विंचू चावलेला, बाळंतपण, सगळं एकाच टेबलावर. पावसाळ्यात तर विचारूच नका. त्यात शुगरचा पेशंट म्हणजे "याला काही तातडीचं नाही" असा. तो मागे पडतो. खरं तर सगळ्यात जास्त बोलायची गरज त्यालाच असते, कारण ताप पाच दिवसांत जातो आणि हा आजार त्याच्या ताटात, झोपेत, कामात घुसलेला असतो.

कागदावर योजना चांगली आहे. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, २०२३ मध्ये त्याचं नाव बदललं. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी करायची असं ठरलेलं आहे. २०२३ मध्येच आयसीएमआरचा मोठा अभ्यास आला, देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास काठावरचे. एवढ्यांना शोधायचं कसं यावर भरपूर बैठका होतात. सापडलेल्याला वर्षानुवर्षं धरून ठेवायचं कसं, यावर आमच्या बैठकांत तरी फार कमी बोलणं ऐकलंय. वरून फोन येतो तो "तपासणी किती झाली?" असा. "कितींची आटोक्यात आली?" असा फोन येईल त्या दिवशी मी पेढे वाटीन. बिनसाखरेचे.

आता कामाचं. टाइप टूच्या पेशंटच्या, निदान झाल्या दिवसापासून, दर वर्षी या तपासण्या व्हायलाच हव्यात: डोळ्यांत थेंब टाकून पडद्याची तपासणी, पायांची तपासणी, मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन. पायाची तपासणी म्हणजे एक नायलॉनचा जाडसर धागा असतो, मोनोफिलामेंट म्हणतात. तो तळव्यावर वाकेपर्यंत टेकवायचा, डोळे मिटलेल्या पेशंटला कळतंय का विचारायचं. दोन-तीन मिनिटांचं काम. ताई, तुम्ही पुढच्या वेळी आत गेल्याबरोबर, रिपोर्ट द्यायच्या आधी, "माझे पाय तपासायचे राहिलेत" म्हणा. रिपोर्ट हातात पडला की आमचं डोकं आकड्यात जातं, हे मी माझ्यावरूनच सांगतो.

शिरपूरचा मेडिकलवाला

डॉक्टरसाहेबांना +१, त्यात भर. ताई, तुमच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असणारच. ती वर्षानुवर्षं चालू असेल तर शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्यानेही पायाला अशाच मुंग्या येतात. म्हणजे मुंग्या आल्या की "शुगरमुळेच" असं गृहीत धरायचं नाही. बी-१२ ची रक्ततपासणी करायला सांगा. त्यातही शाकाहारी असाल तर जास्तच.

दुसरं, खर्चाचं. चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहिलेलं असतं, आत औषध कुठलं ते बघत चला. विल्डाग्लिप्टिनचं पेटंट डिसेंबर २०१९ मध्ये संपलं, त्यानंतर ती गोळी बऱ्याच कंपन्यांची स्वस्तात मिळते. पण कित्येकांच्या चिठ्ठीवर अजून तोच जुना महाग ब्रँड चालू आहे, कारण कुणी फिरून बघितलेलंच नाही. जनऔषधी दुकानात शुगरच्या नेहमीच्या गोळ्या ब्रँडेडच्या निम्म्याहून कमी भावात मिळतात. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण गिऱ्हाईक उधारी मागायला येतं तेव्हा मलाही बरं वाटत नाही.

आणि ज्यांना इन्सुलिन सुरू झालंय त्यांच्यासाठी, हे कृपया वाचाच. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, पेनात भरायच्या कार्ट्रिज १०० युनिटच्या. सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची घेतली तर डोस निम्म्याहूनही कमी जातो. उलटं झालं, म्हणजे १०० चं औषध ४० च्या सिरिंजने घेतलं, तर अडीच पट जातं, आणि ते जिवावर बेतू शकतं. दुकानात रोज कुणी तरी येतो आणि म्हणतो, "कोणती पण दे भो, सुई ती सुई." त्याला हे दवाखान्यात कुणी सांगितलेलं नसतं. चिठ्ठीवर नुसतं "सिरिंज" लिहिलेलं असतं.

पांझरेची

धुळ्याहून. माझ्या मुलीला टाइप वन आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिनच बनत नाही, ते टोचावंच लागतं. शाळेत असताना निघाला. इथे सगळे टाइप टूवर बोलतायत, म्हणून मुद्दाम लिहिते.

तिला सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरत चाललेलं. मग उलट्या आणि पोटदुखी. पहिल्या दवाखान्यात सलाईन लावून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी श्वास जोरजोरात घ्यायला लागली तेव्हा कुणी तरी एकदाचं बोटाला टोचून बघितलं. मीटरने आकडाच दाखवला नाही, "हाय" दाखवलं. मग धावपळ, आयसीयू, सगळं. डॉक्टरांनी वाचवलं, त्यांचे उपकार आहेतच. पण घरी सोडताना एक पेन, एक कागद आणि "दिवसातून चार वेळा" एवढंच. सुई कुठे टोचायची, जागा का बदलायची, रात्री शुगर उतरली तर काय करायचं, यातलं काहीच नाही. पहिल्या रात्री आम्ही दोघं नवरा-बायको तिच्या उशाशी बसून होतो, झोपायची हिंमतच नव्हती.

उन्हाळ्यात तर वेगळीच कथा. वीज गेली की फ्रिज बंद. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, उघडलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण "बाहेर" म्हणजे २५-३० अंश, आपलं पत्र्याखालचं घर नाही. एका वर्षी शुगर उतरेनाच, डोस वाढवत गेलो. शेवटी कळलं की औषधच उन्हाने गेलं होतं. आता मी दोन मडकी वापरते. मोठ्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, लहान मडक्यात झाकणाच्या डब्यात इन्सुलिन, वरून ओलं फडकं. सावलीत, खिडकीशी. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवते. हे मला एका नर्सबाईंनी शिकवलं.

आणि तुम्ही विचारलंय ना, बऱ्या डॉक्टरने काय वेगळं केलं, तर हेच. दुसऱ्या शहरात आम्हाला एक दवाखाना सापडला, तिथे डॉक्टरांच्या आधी नर्सबाई अर्धा तास बसतात. मुलीशी बोलतात, माझ्याशी नाही. "शाळेत डब्यात काय असतं? खेळाचा तास कितीला? कुणी चिडवतं का?" मुलगी त्यांच्याशी जे बोलली ते मला कधीच बोलली नव्हती, की ती मधल्या सुट्टीत संडासात जाऊन इंजेक्शन घ्यायची. औषधं तीच, डॉक्टरही काही जादूगार नाहीत. पण तिथून निघताना दर वेळी पोरीची मान वर असते.

नातेवाइकांचं एकच, "लग्नाचं कसं होईल हिच्या?" त्यांच्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

खापरावरचा मांडा

पांझरेची ताई, संडासातलं वाचून कसंसंच झालं. मुलीला सांगा, या मामाचा रामराम.

चमत्कारी वैद्य

आमच्याकडे शुगर मुळापासून बरी होते, इन्सुलिन आठ दिवसांत बंद, व्हॉट्सअॅपवर

[जाहिरात असल्याने प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. टाइप वनच्या रुग्णाने इन्सुलिन बंद करणं जीवघेणं आहे, कुणाच्याही सांगण्यावरून करू नये. संपादक]

उधना-जळगाव

आम्ही मूळचे पारोळ्याचे, आता सुरतला. कापडाच्या कारखान्यात पाळी बदलत असते. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. डॉक्टर लिहितात "सकाळी जेवणाआधी १". माझी सकाळ कुठली? रात्रपाळीहून आलो की मी झोपतो. गोळी घेऊन झोपलो की दुपारी अंगाला घाम, हात थरथर, डोळ्यासमोर अंधारी. हे डॉक्टरला सांगितलं तर म्हणाले, "रात्रपाळी बंद करा." बरं साहेब, करतो. पगार तुम्ही द्या.

सातपुड्याचा पायथा

भाऊ, तुमच्या चिठ्ठीत ग्लिमेपिराइड आहे का बघा. ती शुगर खाली ढकलणारी गोळी, ती घड्याळाशी नाही, जेवणाशी बांधलेली असते. पोटभर जेवण होणार असेल त्याच वेळी घ्यायची. घेऊन उपाशी झोपणं अगदी धोक्याचं. डोस आणि वेळ तुमच्या डॉक्टरांकडून पाळीप्रमाणे लिहून घ्या, दिवसपाळीची वेगळी, रात्रपाळीची वेगळी. रात्रपाळीवाल्यांसाठी शुगर अशी एकदम खाली न ढकलणाऱ्या गोळ्यांचेही पर्याय असतात, तेही विचारा.

घाम-थरथर झाली की आधी मीटरने बघा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच. मीटर जवळ नसेल तर थांबू नका, आधी साखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, नसेल चढली तर पुन्हा तेवढीच. सावरलं की काही तरी पोटात जाऊ द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

दादरची भाकर

मी आहारशास्त्र शिकले आहे, जळगावात काम करते. तो ब्रोकोलीचा तक्ता मीही पाहिलाय आणि प्रत्येक वेळी डोकं फिरतं.

तुमच्या मूळ प्रश्नावर येते. "ज्वारीची आहे, कितीही खा" हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. ज्वारीच्या पिठात साधारण दोन तृतीयांश कर्बोदकंच असतात, गव्हाहून फार वेगळी गोष्ट नाही. फायदा हा की ती सावकाश पचते, पोट भरल्यासारखं राहतं. पण आपली खान्देशी भाकर म्हणजे परातीएवढी. तिचं पीठ एकदा वजन करून बघा, मग "एक भाकर" म्हणजे काय ते कळेल. कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारीत उडीद दळलेली, त्याहून बरी, कारण डाळीचं प्रथिन येतं. भरीत उत्तम, त्यातलं तेल आणि सोबतच्या पुऱ्या सांभाळा. पुऱ्यांऐवजी कळण्याची भाकर आणि कांद्याची पात असेल तर भरीत पार्टीला खुशाल जा. शेवभाजीत शेव बेसनाची असली तरी तळलेली, आणि तर्रीतलं तेल वाटीभर. महिन्यातून एखाद्या वेळी ठीक.

केळ्याचं म्हणाल तर एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. शुगर आटोक्यात असेल तर अर्धं केळं, जेवणानंतर लगेच नव्हे, मधल्या वेळी, आणि त्या वेळी दुसरं काही नाही. शिक्का मारायची गरज नसते, वीस मिनिटं बोलायची असते. पण माझ्यासारख्यांची खुर्ची बहुतेक दवाखान्यांत नसतेच. खुर्ची असली तर तिच्यावर प्रोटीन पावडरचे डबे ठेवलेले असतात.

आखाजीबद्दल सगळे विचारतात. मी सांगते, आमरस घ्यायचा तर वाटीभर, वरून साखर नाही, आणि त्या जेवणात मांडा किंवा सांजोरी यातलं एकच. दुसऱ्या दिवशी स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत, मीटर बघायचं आणि पुढे चालायचं.

रानमेवा

नंदुरबार जिल्हा, धडगावची. इथल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधते, बाकीच्यांना कदाचित नवी वाटेल. आमच्याकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बरंच आहे. मामांना वर्षभर "तीन महिन्यांची शुगर नॉर्मल आहे" असं सांगत होते, आणि घरी बोटाला टोचलं की आकडा २५० च्या वर. मामांनाच खोटं पाडलं, मीटर खराब आहे म्हणे. पुढे एका तरुण डॉक्टर बाईंनी विचारलं, "घरात कुणाला सिकलसेल?" तिथे उलगडा झाला. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून एचबीएवनसी, म्हणजे ती तीन महिन्यांची सरासरी, खोटंच कमी येऊ शकतं. नुसतं वाहक असलं तरी काही मशीनवर आकडा चुकू शकतो. अशा माणसाला रोजच्या शुगरवरूनच चालवावं लागतं, किंवा फ्रुक्टोसामिन नावाची वेगळी तपासणी.

एक प्रश्न विचारला म्हणून एवढं कळलं. सिकलसेलची तपासणी मोहीम आमच्याच पाड्यांवर होते, शुगरची तपासणीही आमच्याच पाड्यांवर होते. दोन्ही कार्डं एकाच पिशवीत. पण दोन्ही एकत्र कुणी वाचत नाही.

सातपुड्याचा पायथा

रानमेवा, फार महत्त्वाचं लिहिलंत. रक्त खूप कमी असलेल्या बायकांतही हा आकडा गंडतो. लोह कमी असेल तर उलट जास्त दाखवू शकतो. आमच्या सगळ्या स्टाफला हा प्रतिसाद वाचायला देतोय.

पाड्यावरची आशा

मी आशा आहे, रावेर तालुका. आमच्याकडे हजारेक लोकसंख्येमागे एक आशा. शुगरचा फॉर्म आम्हीच भरतो. वय, कंबर, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला आहे का. त्याचे गुण काढायचे, चारच्या वर गेले की आधी तपासणीला पाठवायचं. सगळं मोबाइलमध्ये भरायचं, रेंज असेल तर.

मला जे दिसतं ते सांगते. बायका नवऱ्याची शुगर तपासून घ्यायला बरोबर येतात, स्वतःची वेळ आली की "माले काय व्हस? माले काही नही शे." आणि एकदा निघाली की घरात सांगत नाहीत. वेगळं जेवण करायचं म्हटलं तर सासू काय म्हणेल. त्यांना मी काय सांगू? मला तपासणीचं प्रशिक्षण मिळालं, समजूत घालायचं नाही मिळालं. मी आपली त्यांच्याजवळ बसते, चहा पिते, बिनसाखरेचा मागते म्हणजे त्यांनाही मागता येतो.

धरणगावकर

थोडी कागदपत्रांची माहिती, कुणाला उपयोग झाला तर. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे पीएचसी, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत, तपासणी-उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, त्यामुळे तिथले नियम वेगळे. जळगावचं सिव्हिल २०१८ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलं गेलं, म्हणून तिथे लोकांचा घोळ होतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं सगळे सांगतात. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळे होतं. आता पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते भरती झाल्यावर. पाय चिघळून दवाखान्यात पडलात तर योजना कामाला येऊ शकते. तो चिघळू नये म्हणून लागणाऱ्या पट्ट्या, गोळ्या, तपासण्या खिशातून. कुणी आखलं हे देव जाणे.

आणि जुने कागद. भरती झाला असाल तर तिथले कागद मागायचा हक्क आहे, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला हवेत असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. तोंडी मागू नका, अर्ज द्या, पोच घ्या.

बिनसाखरेचा

मी समुपदेशक आहे. भुसावळच्या काकांच्या प्रतिसादावर लिहायचं होतं. "स्वतःवर ताबा ठेवा" हे ऐकून ऐकून माणूस एका टप्प्यावर दवाखान्यात जाणंच बंद करतो. बोलणी कोण खाणार? याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात, नैराश्याहून ते वेगळं आहे. आळस नाही आणि वेडही नाही. सततच्या हिशोबाचा शीण आहे तो. यावर पहिला उपाय म्हणजे डॉक्टरने "तुम्हाला या सगळ्यात सगळ्यात जड काय जातं?" असं विचारणं. ते होत नसेल आणि मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं.

भुसावळ जंक्शन

मुद्दा मान्य. माझ्या मिसेसनेही हा धागा वाचला. तिलाही शुगर आहे. ती म्हणाली, "तुम्ही पण डॉक्टरसारखंच बोलता." यापुढे मी इथे वाचनमात्र.

गिरणाकाठची

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

मेडिकलवाले भाऊ आणि डॉक्टरसाहेब, तुमचं ऐकलं. या वेळी ग्रामीण रुग्णालयात गेले तेव्हा रिपोर्ट पिशवीतच ठेवला आणि आधी पायांचं बोलले. डॉक्टर नवीनच होते. त्यांनी सिस्टरना विचारलं, सिस्टरनी कपाट उघडलं, खालच्या खणातून पाकीट काढलं. त्याचं सील कुणी फोडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी स्टुलावर बसून तपासलं. उजव्या पायाला अंगठ्याखाली दोन जागी धागा टेकलेला मला कळलाच नाही. बी-१२ चं रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. डोळ्यांसाठी जिल्ह्याला चिठ्ठी दिली.

एक गोष्ट मात्र अजून खटकतेय. मी पतसंस्थेत काम करते, मला कागद वाचता येतो, इथे येऊन तुम्हाला विचारता येतं. माझ्या मागे रांगेत एक आजी होत्या, त्यांना मोनोफिलामेंट हा शब्द कोण शिकवणार? पेशंटने मागितल्याशिवाय पाय बघायचाच नाही, ही पद्धत कशी काय? डॉक्टरसाहेब, तुमच्यावर राग नाही, पण याचं उत्तर मला हवंय.

सातपुड्याचा पायथा

उत्तर नाहीये माझ्याकडे, ताई. आमच्याकडे सोमवारपासून एक बदल केलाय. शुगर तपासणाऱ्या सिस्टरच पाय तपासतील आणि केसपेपरवर लिहून माझ्याकडे पाठवतील. कोरा केसपेपर आला तर मी परत पाठवणार. रांग वाढेल, बोलणी बसतील. बघू किती दिवस टिकतं.

आणि दोन जागी कळलं नाही म्हणालात, तर आता अनवाणी चालायचं नाही, घरातही नाही, शेतात तर अजिबात नाही. रोज रात्री तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून.

पांझरेची

गिरणाकाठची, तुमच्याकडे शुगरची ओपीडी कोणत्या वारी असते? माझी नणंद भडगावला आहे, तिला पाठवते.

गिरणाकाठची

गुरुवारी. पण आधी फोन करून विचारायला सांगा, मागच्या गुरुवारी शिबिरामुळे बंद होती. आणि जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्यायला सांगा, नुसती चिठ्ठी नको. अक्षर लागत नाही कुणाला.